भाणा मानणे आणि जाब विचारणे



युनियनचे काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून मृत्यू आणि श्रद्धा यांविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून अपेक्षा असते ती बोनसची, ग्रॅच्युइटीची, फार तर नव्या कामगार-संहितांवर दोन शब्द बोलण्याची. पण गेली तीस वर्षे वाहतूक-कामगारांत वावरताना मी जितक्या वाटाघाटींना बसलो, त्याहून अधिक वेळा सांत्वनाला बसलो आहे. माणसे रस्त्यावर मरतात, कारखान्यात मरतात, आणि पहिला निरोप पुष्कळदा युनियनच्या कचेरीत येतो. मग तो निरोप घेऊन कोणाला तरी घरी जावेच लागते.

त्या घरांपैकी बरीच घरे शिखांची होती. मी शीख नाही, आणि देवधर्माच्या बाबतीत माझे खाते बरीच वर्षे कोरेच आहे. तथापि त्या घरांतून जे कानांवर पडले त्याने मला गुरुमुखीची पस्तीस अक्षरे शिकावयास लावली. एका ट्रकचालकाने ती मला बिल्टीच्या कोऱ्या बाजूवर लिहून शिकविली. आज सांगणार आहे ते त्या शिदोरीवर. ग्रंथी किंवा पंडित यांचा अधिकार माझ्याकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

शिखाच्या घरी मृत्यू झाला की येणारा-जाणारा एक शब्द हमखास उच्चारतो: भाणा. वाहेगुरूचा भाणा. भाणा म्हणजे त्याला जे भावते ते, त्याची मर्जी. याच्याच जोडीचा दुसरा शब्द हुकूम. गुरू नानकांनी तो जपजीच्या अगदी पहिल्या पौडीतच ठेवला आहे. माणूस मेला असेही तेथे सहसा म्हणत नाहीत. तो पूरा झाला म्हणतात, त्याने अकाल चलाणा केला म्हणतात, आणि निहंगांच्या बोलीत तर त्याने चढाई केली! मृत्यूला मोहिमेचा शब्द वापरणारा दुसरा समाज माझ्या पाहण्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, युनियनवाल्याला 'हुकूम' हा शब्द कसा पचला? प्रश्न रास्त आहे. आमचा सगळा जन्म हुकूम का मानावा हे विचारण्यात गेला. मला तो शब्द प्रथम खटकलाच. पुढे थोडे वाचले, थोडे जाणत्यांना विचारले, तेव्हा ध्यानात आले की नानकांचा हुकूम हा साहेबाच्या टेबलावरून सुटलेला कागद नव्हे. ज्या नियमाने नदी वाहते, दिवस मावळतो, जीव जन्मतो आणि जातो, तो सगळा नियम मिळून हुकूम. तुझ्या मुलाला हेरून, तुला अद्दल घडविण्यासाठी काढलेली ती नोटीस नाही. कर्माचा विचार ग्रंथात आहे, तो नाही असे म्हणता येणार नाही. पण शोकाच्या घरी जाऊन आईच्या पदरात तिच्या मागल्या जन्मीचे पाप घालावे, ही रीत मला तेथे दिसली नाही. आपल्याकडे ती पुष्कळ दिसते.

प्रत्यक्ष रीत काय आहे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण विचारापेक्षा रीतच माणसाला अधिक सावरते असे माझे मत झाले आहे.

पंजाबात पूर्वी 'सियापा' असे. बायका गोल उभ्या राहत, मिरासण पुढे होऊन एकेक ओळ म्हणे, आणि बाकीच्या तालावर छाती पिटीत. गेलेल्या माणसासाठी गावयाच्या या शोकगीतांना 'अलाहणी' म्हणत. गुरू नानकांनी तोच लोकगीताचा साचा उचलला आणि वडहंस रागात अलाहणिया रचल्या. रडण्याचे गाणे त्यांनी टाकून दिले नाही. त्यातला विषय बदलला. सर्वांनाच जावयाचे आहे, मग कोणी कोणासाठी रडावे, आणि खरे रडणे कोणते, असे त्यांनी त्या जुन्या चालीतच विचारले. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत छाती पिटणे, आक्रोश करणे यांना मनाई आहे. मरणाऱ्याला खाटेवरून जमिनीवर घेऊ नये, दिवा-पिंड-श्राद्ध करू नये, दहनाला दिवस-रात्र पाहू नये, रक्षा वाहत्या पाण्यात सोडावी किंवा तेथेच पुरावी, आणि त्या जागी स्मारक बांधू नये, असे तीत सांगितले आहे.

दहनाच्या वेळी म्हणतात तो पाठ म्हणजे कीर्तन सोहिला. हा तोच पाठ आहे, जो श्रद्धाळू शीख रोज रात्री निजण्यापूर्वी म्हणतो. लहान मूल तो आईच्या कुशीत ऐकते. त्यात लग्नाची तिथी ठरल्याची उपमा आहे, नवरी सासरी निघाल्याची. म्हणजे चितेजवळ उभा असलेला माणूस तेथे काही नवे, भयंकर असे ऐकत नाही. अंथरुणावर रोज ऐकलेलेच ऐकतो. ज्याने कोणी ही योजना केली, त्याला माणसाच्या मनाची जाण फार होती.

त्यानंतर घरी किंवा गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिबाचा साधारण पाठ सुरू होतो. पाने १४३०. दहाव्या दिवसाच्या सुमारास तो पुरा व्हावयाचा, तेव्हा भोग, अरदास आणि लंगर. घरच्या माणसांना वाचता येत असेल तर त्यांनीही वाचावे अशी अपेक्षा असते. शेजारी पाळीपाळीने येऊन बसतात. याचा परिणाम असा की दहा दिवस घर रिकामे राहत नाही आणि बोलण्याची सक्तीही कोणावर राहत नाही. सांत्वनाला गेलेल्या माणसाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे काय बोलावे ही. तेथे बोलावे लागतच नाही. ग्रंथ बोलत असतो. तुम्ही मांडी घालून बसावे, कढाह-प्रसाद घ्यावा, उठावे. माझ्यासारख्या अश्रद्ध माणसालाही हे जमले.

पाठाच्या शेवटाकडे गुरू तेगबहादूर यांचे ५७ सलोक येतात. जग कसे सरून जाते यावरचे ते सलोक. त्यांचा शिरच्छेद दिल्लीत १६७५ साली झाला, आणि परंपरा असे मानते की हे सलोक त्यांनी तेथे कैदेत असताना लिहिले. भोगाच्या वेळी रामकली रागातील 'सद' हे पदही वाचतात. ते बाबा सुंदर यांचे. ते गुरू अमरदासांचे पणतू. १५७४ साली गोइंदवाल येथे गुरू अमरदासांनी देह ठेवताना घरच्यांना जवळ बोलावून काय सांगितले, ते त्यात आहे. रडणारा मला आवडणार नाही, मागे कीर्तन करा, असा त्याचा आशय. त्यातच केशव-गोपाळ पंडिताला बोलावण्याचा एक उल्लेख आहे आणि त्यावर आजही वाद चालतो. हा खरोखरचा पंडित, की देवालाच दिलेली नावे? मला तर एका मरणाच्या पदावरून चारशे वर्षे वाद घालणारा समाज निरोगी वाटतो.

इथपर्यंत सारे शांत आहे, आणि इथेच थांबलो असतो तर या व्याख्यानाचे कारण उरले नसते. पण ज्या घरात बावीस वर्षांचा मुलगा गेलेला असतो, त्या घरात दहा दिवसांनी लंगर आटोपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि अकराव्या दिवशी प्रश्न उठतो. त्याचे काय?

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर आमच्या युनियनचे एक जुने सभासद होते. आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणत असू. २०११ साली त्यांचा मुलगा एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला असताना टाकी साफ करावयास उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. ना तोंडाला नळी, ना कमरेला दोर. मी पाजींबरोबर त्या कारखान्यात गेलो. तेथला व्यवस्थापक हळव्या आवाजात म्हणाला, "सरदारजी, देवाची मर्जी. त्याच्यापुढे आपलं काय चालतं?"

पाजी काही बोलले नाहीत. बाहेर येऊन बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसले आणि मला म्हणाले, "कॉम्रेड, जो शब्द मी रोज पहाटे म्हणतो, तोच हा माणूस मला का ऐकवतो आहे?"

याला उत्तर दिल्याशिवाय भाण्याचा अर्थ लागत नाही. आणि उत्तर मी माझ्या पदरचे देण्याची गरज नाही, ते ग्रंथातच आहे. बाबराने १५२०-२१ च्या सुमारास सैदपूर लुटले. हे गाव आज पाकिस्तानात गुजरांवालाजवळ एमिनाबाद या नावाने आहे. कत्तल झाली, बायकांची विटंबना झाली. त्या स्वारीवर गुरू नानकांची चार पदे आहेत, त्यांना बाबरवाणी म्हणतात. नानक त्यात लोकांना केवळ धीर धरा म्हणून सांगत नाहीत. ते थेट कर्त्यालाच विचारतात की एवढा मार पडला, एवढा आकांत झाला, तुला काहीच दुखले नाही का? पुढे ते दाखला देतात. बलवानाने बलवानाला मारले तर मनात रोष येत नाही. पण सिंह गाईंच्या कळपावर पडला, तर कळपाच्या धन्यालाच जाब विचारला पाहिजे. धनी म्हणजे कोण, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. काही म्हणतात परमेश्वर; काही म्हणतात दिल्लीचे लोदी सुलतान, ज्यांनी रयतेचे रक्षण करावयाचे ते केले नाही. माझ्यासारख्याला दोन्ही अर्थ एकदमच घ्यावेसे वाटतात. ज्याने जपजीच्या आरंभीच हुकूम मानावयास सांगितला, त्यानेच हा जाब विचारला, आणि दोन्ही वाणी एकाच ग्रंथात आहेत. १६०४ साली गुरू अर्जुनांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा ही पदे अडचणीची म्हणून बाजूला ठेवली नाहीत.

ग्रंथातल्या ग्रंथात अशी बोलाचाली पुष्कळ आहे. शेख फरीद म्हणतात, मी देह भट्टीसारखा तापवीन, हाडांचे सरपण करीन. लगेच खाली नानकांचा सलोक येतो की देहाला असे तापवू नकोस, डोक्याने आणि पायांनी काय बिघडविले आहे? शोकात स्वतःला जाळून घेणाऱ्या माणसाला याहून मऊ शब्दांत कोणी थांबविले असेल असे वाटत नाही. कबीर तर उपाशीपोटी भक्ती होणार नाही, ही घे तुझी माळ, असे सुनावून पीठ-तूप-मिठाची यादीच देवापुढे ठेवतात. धन्ना जाटाने डाळ, पीठ, तूप आणि दुभती गाय मागितली आहे. आम्ही ज्याला मागणीपत्र म्हणतो ते हेच! आणि ज्या ग्रंथाला शीख गुरू मानून माथा टेकतात, त्यात ही मागणीपत्रे आहेत.

आपल्याला हे परके वाटू नये. याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि नामदेवांना देवाशी भांडण्याची चोरी कधीच नव्हती. ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यावर त्यांनी जो शोक मांडला, तो मराठीतला सर्वांत मोठा शोक. ते नामदेव पुढे पंजाबात घुमानला राहिले, असे तेथले लोक मानतात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या गावी भरले होते. तुकोबांच्या घरी दुष्काळात बायको आणि मूल गेले, त्यानंतर त्यांनी विठ्ठलाला काय काय ऐकविले हे येथे बसलेल्यांना मी काय सांगू?

गुरू गोविंदसिंहांची गोष्ट याहून कठीण आहे. वडील दिल्लीत मारले गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १७०५ च्या सुमारास, थोड्याच दिवसांच्या अंतराने, थोरले दोन मुलगे अजितसिंह आणि जुझारसिंह चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंह आणि फतेहसिंह यांना सरहिंदला भिंतीत चिणून मारले. आई माता गुजरी तेथेच गेल्या. माछीवाड्याच्या रानात, एकटे असताना, त्यांनी एक पद रचले असे परंपरा सांगते. त्यात मित्राला निरोप आहे: तुझ्यावाचून सगळी सुखे कशी टोचतात, त्याचा. ते वीराचे पद नव्हे, एकाकी माणसाचे आहे. आणि लवकरच औरंगजेबाला लिहिलेले फारसी पत्र, जफरनामा. बादशहा त्या वेळी दख्खनेत, आपल्याच मुलखात होता. भाई दयासिंह ते पत्र घेऊन इकडे आले. सुमारे १११ बैतांच्या त्या पत्रात चार मुलांच्या मृत्यूचा उल्लेख अगदी ओझरता आहे. बाकी सारे पत्र कशाबद्दल? कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडलीस, याबद्दल. रानातल्या पदात मित्राजवळ मन मोकळे केले, आणि बादशहाच्या पत्रात फक्त हिशेब मागितला. कोणते दुःख कोठे न्यावे, हे या माणसाला नेमके कळत होते. त्यांचा अंत १७०८ साली नांदेडला झाला. तेथली हजूर साहिबची गादी आपणा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून पाजींना मी त्या कट्ट्यावर इतकेच सांगितले की भाणा तुम्ही मानावयाचा आहे. त्या साहेबाने तो तुम्हाला विकावयाचा नाही. वायूने जीव गुदमरतो हा हुकूम. दोर न देता माणूस टाकीत उतरविणे हा कंत्राटदाराचा हिशेब. त्या वेळी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. मृताच्या पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरविलेल्या आकड्याने गुणावयाचे. वय जितके कमी, तितका आकडा मोठा. मुलाचे वय तक्त्यात बोटाने शोधताना बापाचा चेहरा मला पाहवला नाही. दावा तीन वर्षे चालला आणि निकाल आमच्या बाजूने लागला. त्यातल्या एकाही तारखेला पाजी गैरहजर नव्हते. मात्र त्या तीन वर्षांत ते गुरुद्वाऱ्याची पायरीही चढले नाहीत.

लोक त्यांना बोलत. मला त्यात वावगे वाटले नाही. शिखांच्या घरी जन्मून श्रद्धा सोडणारा माणूस तेथे काही पहिलाच नव्हता. भगतसिंगांनी ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहिला, तेव्हा फाशीची शिक्षा अजून सुनावली गेलेली नव्हती. श्रद्धेने दुःख सुसह्य होते, किंबहुना गोडही होते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. आणि तरीही तो आधार आपल्याला नको, असे म्हटले आहे. सर्वशक्तिमान असेल तर हे सारे थांबवीत का नाही, हा त्यांचा प्रश्न. बाबरवाणीतला प्रश्न आणि हा प्रश्न यांत फरक एवढाच, की नानकांनी तो ज्याला विचारला तो आहे असे ते धरून चालले होते. २३ मार्च १९३१ रोजी आपल्या खेडच्या राजगुरूंबरोबर आणि सुखदेवांबरोबर ते गेले. आज पंजाबच्या कित्येक ट्रकांच्या केबिनीत गुरूंच्या तसबिरीशेजारी भगतसिंगांची तसबीर दिसते. चालकाला त्यात विसंगती वाटत नाही, आणि ती त्याला दाखवून देण्याचा उपद्व्याप मीही कधी केला नाही.

शोक एकट्याचा नसतो तेव्हा ही परीक्षा आणखी अवघड होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारने नेमलेल्या आहुजा समितीने १९८७ साली मृतांचा आकडा २,७३३ दिला. तिलक विहारमध्ये ज्या विधवांना घरे मिळाली, त्या वस्तीला विधवा कॉलनी असेच नाव पडले. त्या बायकांनी गळ्याशी आलेली जिंदगी काढली, काहींनी मुले व्यसनात गमावली, आणि काहीजणी चौकशी आयोगापुढे, न्यायालयापुढे वर्षानुवर्षे साक्ष देत राहिल्या. एका माजी खासदाराला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे ३४ वर्षांनी. त्या रोज अरदास करीत आणि तारखेलाही जात. भाणा मानला म्हणजे माणूस मुका होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या बायकांकडे पाहावे. त्याचबरोबर हेही खरे, की घरातली वडीलधारी मंडळी रडणाऱ्या सुनेला 'भाणा मान' म्हणून गप्प बसवितात. तेथे तो शब्द तोंडावर ठेवलेल्या हातासारखा वापरला जातो. ही गोष्ट मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे, आणि ती मला आवडलेली नाही.

अरदास या शब्दाचे मूळ पाहा. फारसीतला 'अर्जदाश्त' तो हा. आपल्या जुन्या मोडी कागदांत अर्जदास्त म्हणून येतो, आणि रोजचा अर्ज त्याच घराण्यातला. अरदास उभ्याने करतात, हात जोडून. आधी दहा गुरूंचे स्मरण, मग ज्यांचे अवयव तोडले, जे करवतीने चिरले गेले, त्यांचे स्मरण. ज्या आयांनी मुलांचे तुकडे गळ्यात घातले त्यांचे. १९४७ नंतर ननकाना साहिब आणि पलीकडे राहिलेले गुरुद्वारे यांच्या दर्शनाची मागणी तीत आली. शेवटी चढदी कला आणि सरबताचे भले. मध्ये एक जागा मोकळी असते. ज्याने अरदास करविली, त्याचे काम तेथे सांगावयाचे: लग्न, परीक्षा, आजार, मरण. म्हणजे सबंध समाजाच्या शोकाच्या पोटात एका घराच्या शोकाला जागा ठेवलेली आहे.

पाजी चौथ्या वर्षी गुरुद्वाऱ्यात गेले. आत नाही, बाहेर जोडाघरात. येणाऱ्यांच्या चपला-बूट घ्यावयाचे, पुसावयाचे, बिल्ला द्यावयाचा. ही सेवा कोणीही करू शकतो, श्रद्धा किती आहे ते तेथे विचारीत नाहीत. मी कामानिमित्त तेथून जात होतो, त्यांनी मला पाहून मान हलविली. तुमच्या प्रश्नाचे काय झाले, असे विचारावे असे माझ्या मनात आले होते. पण त्या दिवशी बैसाखी होती, आणि जोड्यांची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती.